व्यवस्थित गुंडाळलेली फीत

१

सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी आवकबाईंनी चार नंबरचं कपाट उघडलं, तेव्हा कुलूप शाबूत होतं, किल्ली त्यांच्याच हातात होती, आणि फाईल नव्हती.

शेजारच्या फायली ऐसपैस पसरल्या होत्या, बाकावरून कोणी उठलं की उरलेले पसरतात तशा. जिथे फाईल हवी तिथे एक पांढरी सुती फीत पडली होती. गोल, घट्ट, व्यवस्थित गुंडाळलेली.

बाईंनी फीत स्वेटरच्या खिशात टाकली आणि खुर्चीत बसून पाच मिनिटं नुसता विचार केला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी घेतलेली ही सगळ्यात लांब सुट्टी होती.

संरक्षण मंत्रालयात लढाई सोडून सगळं होतं. लढाई सरहद्दीवर होते. मंत्रालयात होतात त्या लढाईला लागणाऱ्या गोष्टी. तळमजल्यावर निवृत्तिवेतन, कारण म्हाताऱ्या सैनिकांना जिने चढवत नाहीत. पहिल्या मजल्यावर छावण्यांच्या जमिनी आणि बराकींची गळकी छपरं. दुसऱ्यावर खरेदी, तिसऱ्यावर संशोधन. चौथ्यावर पायदळ, नौदल आणि हवाई दलाचे संपर्क अधिकारी, भिंतीला भिंत लावून आणि एकमेकांशी न बोलता. पाचव्यावर सचिव आणि मंत्री. तळघरात दारूगोळा विभाग आणि त्याला चिकटून गोपनीय कक्ष, ज्याच्या दारावर पाटी नव्हती. त्यामुळे तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

या सगळ्या मजल्यांवर फिरणाऱ्या फायली जिथून निघतात आणि जिथे परत येतात ती तळमजल्यावरची खोली म्हणजे आवक-जावक. तिथे बसणाऱ्या बाईंना अख्खी इमारत आवकबाई म्हणायची.

नाहीशी झालेली फाईल गस्ती नौकांसाठी घ्यायच्या नव्या जीवरक्षक जाकिटांची होती. आत चाचणीचा अहवाल होता. उद्या अकरा वाजता निवडून आलेल्या सभासदांची समिती तो वाचून जाकिटं घ्यायची की परत पाठवायची ते ठरवणार होती.

साडेदहाला कक्षाधिकारी आला. हा बाईंचा साहेब. वयाने लहान, स्वभावाने त्याहून लहान.

"बाई, वहीत शेवटची सही कोणाची?"

"माझी. काल चार-चाळीसला फाईल खरेदीतून परत आली. एकशे बारा पानं मोजली, फीत बांधली, कपाटात ठेवली."

"दुसरी किल्ली?"

"पहारेकऱ्याकडे, काचेच्या पेटीत. काच फुटलेली नाही. आत्ताच बघून आले."

"म्हणजे किल्ली तुमची, सही तुमची, कपाट तुमचं..."

"आणि फाईल मंत्रालयाची. पर्स तपासता का माझी? डबा आहे फक्त. झाकण घट्ट बसतं, जरा जोर लावा."

कक्षाधिकाऱ्याने पाकिटातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर एकच ओळ टाईप केलेली होती: 'माझ्या हलगर्जीपणामुळे फाईल गहाळ झाली.' खाली सहीसाठी जागा.

"उद्या समितीपुढे हे वाचा आणि सही करा. नुसती बदली होईल. नाहीतर निलंबन. दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. कशाला डोक्याला ताप?"

"हे तुम्हाला मिळालं कधी?"

"पावणेदहाला. टेबलावर होतं."

"आणि मी कपाट उघडलं दहा-बाराला." बाईंनी चष्मा वर ढकलला. "म्हणजे फाईल नाही हे माझ्या आधी कोणालातरी माहीत होतं. पाकिटावर नाव?"

"नाही हो. वरून आलंय."

"किती वरून?"

कक्षाधिकाऱ्याने छताकडे बोट केलं. छताच्या वर पाच मजले होते.

२

वहीप्रमाणे फाईल तीन हातांतून गेली होती. नौदलाचा कप्तान, संशोधनातला शास्त्रज्ञ आणि खरेदीचे सहसचिव. बाई जिन्याने आधी चौथ्या मजल्यावर गेल्या. लिफ्टमध्ये साहेब भेटतात आणि साहेबांसमोर डोकं चालत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

या इमारतीत प्रत्येक विभागाच्या दाराबाहेर एक पाटी असते. विभागाकडे कोणकोणते विषय आहेत त्याची यादी. दुसऱ्याच्या विषयाला हात लावायचा नाही, आपल्या विषयाला दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही, यावर इमारत उभी होती. नौदलाची पाटी पितळी होती, अक्षरं कोरलेली: 'नौका व नौकेवरील सर्व साहित्य.' ती रोज घासली जायची.

कप्तानाने समुद्रावर बावीस वर्षं काढली होती आणि टेबलामागे दोन. दुसरा काळ जास्त खारट गेल्यासारखा दिसत होता. हातात सुतळी होती. तो तिला गाठी मारून सोडत होता.

"चाचणीला तुम्ही हजर होतात?"

"होतो."

"काय झालं?"

"बाई, फाईलवर आहे तेवढंच बोलायची मला परवानगी आहे. फाईल आहे?"

"नाही."

"मग मला काही माहीत नाही." त्याने गाठ करकचून ओढली. "एक सांगतो. आधीचा नमुना पसंत केल्याची सही माझी आहे. वाळूवर उभं राहून घालून बघितलं होतं. छान बसलं. तेव्हा फाईल गेल्यात फायदा कोणाचा म्हणाल तर माझाही आहे. लिहून घ्या."

"लिहीत नाही मी. मोजते फक्त. जाकीट तुमच्याकडे येतं की खरेदीकडे?"

"नौकेवर असतं ते नौकेचं साहित्य! पण खरेदीवाले म्हणतात, अंगात घालतात म्हणून तो कपडा. कपडा! बुडताना मी कपडे बदलत नसतो, बाई."

संशोधनाची पाटी कोरी होती. कशावर संशोधन करायचं याचंच संशोधन चालू होतं. शास्त्रज्ञ पंचेचाळिशीचा, विस्कटलेला. सगळ्या प्रश्नांना "बघूया" म्हणायचा, म्हणून त्याचं नाव बघूया.

"जाकीट चपटं असतं," तो उत्साहाने सांगू लागला. "दोरी ओढली की आतल्या छोट्या नळकांड्याला पिन टोचते, गॅस सुटतो आणि जाकीट फुगतं. नळकांडं माझं आहे. पिनेचं सगळं अहवालात आहे, फाईलच्या सदुसष्टाव्या पानावर. आम्ही वीस जाकिटं गार पाण्यात टाकली."

"आणि?"

"तेरा फुगली."

बाईंचा हात खिशातल्या फितीवर घट्ट झाला. "सात नाही फुगली?"

"गारठ्यात पिन अडकते. उन्हाळ्यात बरं चालतं."

"समुद्र काय ऋतू बघून बुडवतो?"

"बघूया. म्हणजे, नाही." तो ओशाळला. "अहवालात मी खरं ते लिहिलंय. माझ्याच वस्तूवर मीच ठपका ठेवलाय. फाईल गेल्याचं फार दु:ख झालं असं खोटं बोलणार नाही. पण चोरलेली नाही. तुमचं कपाट कुठे आहे हेही मला ठाऊक नाही."

"प्रत ठेवलीत?"

"नियमाप्रमाणे एकच प्रत. फाईलमध्ये."

"म्हणजे फाईल नाही तर चाचणी झालीच नाही."

"तसंच," शास्त्रज्ञ म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बघूया म्हणाला नाही.

३

दुसऱ्या मजल्यावर बाईंना वीस मिनिटं बाहेर उभं केलं. खरेदीच्या सहसचिवांना इमारत साखरसाहेब म्हणायची, कारण ते माणसाला नोकरीवरून काढतानासुद्धा आधी त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत.

उभ्या उभ्या पाय दुखले. बाई भिंतीवरच्या पाटीला टेकल्या. ही मोठी लाकडी पाटी, पांढऱ्यावर काळी अक्षरं. वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी तीच वाचून काढली. तेरा: बूट. चौदा: बुटांच्या नाड्या, कारण या दोन खरेद्या वेगळ्या होत्या आणि एकदा नाड्या बुटांच्या चार वर्षं आधी आल्या होत्या. पंधरा: घोंगड्या. सोळा: पाण्याच्या बाटल्या. अठरा: तंबू. एकोणीस: तंबूच्या खुंट्या. वीस: बँडची वाद्यं, ढोल सोडून. ढोल कोणाकडे होता हा वाद न्यायालयात होता.

"या, बाई, या!" साखरसाहेब उठून उभे राहिले. "चहा? दोन चमचे?"

"बिनसाखरेचा."

भिंतीवर मोठा फोटो होता. मंत्रिमहोदय नारिंगी जाकीट घालून हसत उभे. मागे बाग. पाणी म्हणून कारंजं होतं.

"फाईल काय हो, कागद शेवटी," साहेब म्हणाले. "माणसं महत्त्वाची. त्या ओळीवर सही करून टाका आणि निवांत झोपा."

"सात जाकिटं फुगली नाहीत, साहेब."

"कोणती सात? मी पहिलं पान वाचतो आणि शेवटचं. मधलं वाचायला माणसं ठेवलीत." त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "सोमवारी मंत्रिमहोदय स्वतः वाटप करणार आहेत. मीच शब्द दिलाय त्यांना. तुमची लेक गस्ती नौकेवर असते ना? किनाऱ्यावर बदली हवी असेल तर..."

बाईंच्या टेबलाच्या काचेखाली लेकीचा फोटो होता. पण त्या काचेपर्यंत साखरसाहेब कधी आलेले नव्हते.

"तिला समुद्र आवडतो," बाई म्हणाल्या.

"मग तर," साखरसाहेब फार मायेने म्हणाले, "नवं जाकीट तिला आधी मिळायला हवं."

बाईंनी चहाचा कप न पिता तसाच बशीत ठेवला. आवाज झाला नाही. राग एका मर्यादेपलीकडे गेला की त्यांचा हात अगदी स्थिर व्हायचा.

४

घरी पोचल्या तोच लेकीचा फोन.

"आई, सोमवारी नवीन जाकिटं येतायत! नारिंगी. आमची जुनी जमा करायला सांगितलीत."

"जमा केलीस?"

"उद्या संध्याकाळी करणार. का गं?"

"नंबर लागू दे शेवटी," बाई म्हणाल्या. "घाई कशाला."

फाईलवर काय आहे हे फोनवर सांगायची परवानगी त्यांना नव्हती. तो नियम किती दिवस पाळायचा याचा विचार मात्र सुरू झाला.

मामंजी, म्हणजे त्यांचे सासरे, खिडकीपाशी रेडिओ उघडून बसले होते. रेडिओ बंद पडलेला नव्हता. मामंजींना त्याचं आतलं बघायला आवडायचं. चाळीस वर्षं त्यांनी याच मंत्रालयाच्या भांडारात काढली होती.

"सूनबाई, कोपराला पांढरं काय लावून आलीस?"

बाईंनी हात वळवून बघितला. स्वेटरच्या कोपरावर पांढरा रंग लागला होता, अजून चिकट.

"कुठेतरी टेकले असेन." त्यांनी खिशातली फीत काढून टेबलावर ठेवली. "हे बघा. फाईल गेली आणि ही ठेवून गेली. मला एक सांगा, चोर फीत सोडून, गुंडाळून, जागच्या जागी का ठेवेल?"

मामंजींच्या हातातला पेचकस थांबला. त्यांनी फीत उचलून उलटसुलट करून बघितली.

"चोर नाही, सूनबाई. सरकार आहे."

"म्हणजे?"

"तुला सोड्याची गोष्ट कधी सांगितली नाही मी. तू नोकरीला लागायच्या आधीची. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात सोडा करायचं यंत्र होतं. दाबाचं नळकांडं, त्याला टोचणारी पिन, वर खटका. एकाला त्या यंत्राची भानगड झाकायची होती. त्याने नियमावली काढली. ज्यात दाब आहे आणि टोचणारी पिन आहे तो दारूगोळा. झालं! सोडा दारूगोळ्यात गेला. दारूगोळ्याची फाईल आपोआप गोपनीय. दोन वर्षं अधिकारी व्हिस्कीत साधं पाणी घालून देशाचं रक्षण करत होते."

"पण कपाटाला कुलूप होतं."

"गोपनीय कक्षाकडे प्रत्येक कपाटाची किल्ली असते. सकाळी नऊला, कोणी यायच्या आत येतात. चिठ्ठी ठेवत नाहीत, कारण फाईल गुप्त झाली हेही गुप्त. आणि फीत तुझ्या साठ्यातली. त्यांची लाल असते. तुझी फीत नेली तर वर्षाच्या तपासणीत त्यांच्याकडे एक जास्त भरेल. म्हणून सोडून, गुंडाळून ठेवतात."

"अठ्ठावीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही!"

"घडलंच नाही तर सांगणार काय? दारूगोळ्याच्या फायली जन्मापासून तळघरात. वरची फाईल खाली जायची तर एखाद्या विभागाने आपल्या यादीतला विषय दारूगोळ्याला देऊन टाकावा लागतो. तू कधी ऐकलंस, कोणी विषय सोडला?"

"मेले तरी सोडत नाहीत."

"त्या वेळी आवक-जावकला माझा दोस्त होता," मामंजी हळू म्हणाले. "फाईल हरवली म्हणून त्याला वाळवंटातल्या डेपोत पाठवला. पुढे तळघरात मांडण्या बसवायला गेलो तेव्हा मी ती फाईल बघितली. लाल फितीत. आणि गप्प बसलो. बायको, पोरं, घर... माझ्याकडे कारणं भरपूर होती."

बाई स्वेटरच्या कोपराकडे बघत होत्या. मग डोळे मिटून त्यांनी तिन्ही दारं आठवली. पितळेवर कोरलेलं पुसता येत नाही. कोऱ्या पाटीवर पुसायला काही नसतं. आणि पांढरी पाटी... तेरा बूट, चौदा नाड्या, पंधरा घोंगड्या, सोळा बाटल्या...

"मामंजी," त्या ताडकन उठल्या. "सोळानंतर अठरा!"

५

समितीच्या अध्यक्ष शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. तीनदा निवडून आल्या होत्या, पण अजून सभासदांना बोलायच्या आधी हात वर करायला लावत. सगळे त्यांना हेडबाई म्हणत.

"फाईल कुठे आहे?" हेडबाईंनी अकराला विचारलं.

साखरसाहेबांनी चेहरा दु:खी केला. "आमच्या जुन्या, प्रामाणिक कर्मचारी आहेत. वय होतं माणसाचं. त्या स्वतःच निवेदन वाचतील."

आवकबाई उभ्या राहिल्या. मागच्या रांगेत कक्षाधिकाऱ्याने डोळे मिटून घेतले.

"'माझ्या हलगर्जीपणामुळे फाईल गहाळ झाली,'" बाईंनी वाचलं. "हे मला वाचायला सांगितलं होतं, ते वाचलं. यातला एकही शब्द खरा नाही." त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "फाईल गहाळ झालेली नाही. या इमारतीच्या तळघरात, गोपनीय कक्षात आहे."

कोपऱ्यातून गोपनीय कक्षाचा प्रमुख उडी मारून उठला. "गोपनीय फाईल कुठे आहे हे सांगणं गुन्हा आहे!"

"म्हणजे आहे ना?" बाई म्हणाल्या.

प्रमुख खाली बसला. बसला तरी उशीर झाला होता.

"कोणी पाठवली तिथे?" हेडबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही," प्रमुख पुटपुटला.

"ते मी सांगते," बाई म्हणाल्या. "पण त्याआधी खरेदी विभागाच्या दाराबाहेरची पाटी इथे आणायला सांगा."

पाटी दोन शिपायांनी उचलून आणली. ती भिंतीला टेकवल्यावर सगळ्यांनी वाचली, आणि बूट आणि नाड्या वेगळ्या का, यावर थोडी चर्चा झाली. मग हेडबाईंनी छडीसारखं पेन रोखलं.

"सतरा कुठे आहे?"

सोळा आणि अठरामध्ये एक पांढरी स्वच्छ ओळ होती. तिच्या मधोमध लोकरीची खरखर उमटली होती. बाईंनी स्वेटरचा कोपर वर केला. ठसा तंतोतंत बसला.

"जुना रंग उडाला होता," साखरसाहेब म्हणाले. "डागडुजी चालू आहे."

"हे मंत्रालयाचं पुस्तक, गेल्या वर्षीचं." बाईंनी पर्समधून एक मळकं पुस्तक काढलं. "कोणत्या विभागाकडे काय, सगळं यात आहे. खरेदी, सतरा: जीवरक्षक जाकिटे." त्या साखरसाहेबांकडे वळल्या. "साहेब, मला एवढंच सांगा. जाकीट आज कोणाचं आहे?"

साखरसाहेबांनी तिन्ही उत्तरं मनात तोलून बघितली. जाकीट खरेदीचं म्हणावं तर त्याची फाईल दारूगोळ्याच्या तळघरात कशी, याचा जाब त्यांनाच द्यावा लागणार. खरेदीचं नाही म्हणावं तर विषय त्यांनीच देऊन टाकला हे कबूल. आणि कोणाचंच नाही म्हणावं, तर सोमवारी वाटप कोण करतंय?

"कप्तानांनी दिला असेल विषय," ते शेवटी म्हणाले. "किंवा संशोधनाने."

"कप्तानांची पाटी कोरलेली आहे. कालही तशीच होती, रोज घासतात. संशोधनाकडे द्यायला विषयच नाही. ओळ पुसली गेली ती एकाच पाटीवरची." बाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही पहिलं आणि शेवटचं पान वाचता म्हणालात. पण नळकांड्यात पिन आहे हे सदुसष्टाव्या पानावर आहे. पिन आहे हे कळल्याशिवाय जाकिटाला दारूगोळा ठरवता येत नाही. मधली पानं तुम्हीच वाचलीत, साहेब. चांगली वाचलीत."

"मग पाटी कशाला रंगवतील?" एका सभासदाने विचारलं. "तीच तर चूक."

"आधी हात वर करा," हेडबाई म्हणाल्या. सभासदाने हात वर केला.

"आपल्याकडे नसलेला विषय पाटीवर राहिला तर सचिवांचा ठपका येतो," बाई म्हणाल्या. "साहेब माणसांना बुडवतील. पण चुकीची पाटी लावणार नाहीत."

हेडबाईंनी फाईल मागवली. या समितीला गोपनीय फाईलही मागवता येते. फक्त ती आहे कुठे हे माहीत असावं लागतं. वीस मिनिटांत ती आली, लाल फितीत. बाईंनी पानं मोजली. एकशे तेरा होती. जास्तीचं पान म्हणजे साखरसाहेबांच्या सहीचा हुकूम: विषय दारूगोळ्याकडे वर्ग. वेळ, परवा दुपारी चार वाजून पाच मिनिटं.

"चार-पाचला हुकूम तळघरात गेला," बाई म्हणाल्या, "आणि चार-चाळीसला फाईल हसत हसत माझ्याकडे आली. थेट खाली पाठवली असती तर वहीत शेवटची सही साहेबांची राहिली असती."

तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. कप्तान उभा होता. हात वर करून.

"फाईल आली का टेबलावर?"

"आली," हेडबाई म्हणाल्या.

"मग मला आता बोलायची परवानगी आहे," कप्तान म्हणाला, "आणि मी बराच वेळ बोलणार आहे."

६

जाकिटं परत गेली. सोमवारी मंत्रिमहोदयांनी त्याऐवजी घोंगड्या वाटल्या. त्या फुगाव्या लागत नाहीत. साखरसाहेबांची चौकशी सुरू झाली आणि ती होईपर्यंत त्यांना बँड शाखेत बसवलं. तिथेही त्यांनी पहिल्याच दिवशी ढोलवाल्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. ढोलवाला घाबरून रजेवर गेला.

पंधरा दिवसांनी आवक-जावकमध्ये एक पाकीट आलं. गोपनीय कक्षाकडून, आवकबाईंच्या नावाने: 'आपण गोपनीय फाईलचा ठावठिकाणा समितीसमोर उघड केला. आपल्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.'

कक्षाधिकारी दारात घुटमळला. "माफी मागून टाका, बाई. दोन ओळी. विषय संपेल."

"विषय कोण सोडतं का या इमारतीत?"

बाईंनी पाकिटावर आवकचा शिक्का मारला, वहीत नंबर घातला. नवीन फाईल उघडली, पत्र आत लावलं. खिशातून ती पांढरी फीत काढली, उलगडली आणि छान फुलासारखी गाठ मारून फाईल चार नंबरच्या कपाटात, पार मागे, निवृत्त घोड्यांच्या चाऱ्याच्या फायलींमध्ये सारून दिली. घोडे जाऊन साठ वर्षं झाली होती. तिकडे कोणी बघत नसे.

सातव्या दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला. जुनी जाकिटं परत मिळाली होती. विटलेली, दोन ठिकाणी ठिगळं. "पण आई, काल सराव होता, फटकन फुगतात!"

मामंजींनी रेडिओतून मान काढली. "त्या पत्राला उत्तर काय देणार, सूनबाई?"

"दिलंसुद्धा."

सकाळीच गोपनीय कक्षाला उत्तर पोचलं होतं. त्यासाठी बाईंना नवा कागदही लागला नव्हता. पर्समध्ये घडी करून ठेवलेला एक होता, टाईप केलेला, खाली सहीची जागा सोडलेली. बाईंनी वर फक्त खुलाशाच्या फाईलचा नंबर घातला आणि खाली ठसठशीत सही केली:

'माझ्या हलगर्जीपणामुळे फाईल गहाळ झाली.'